चार्जशीट हातात पडली तर: नागपूरच्या कामगारासाठी पहिल्या सहीपासून लेबर कोर्टापर्यंत

शिफ्ट सुटायच्या वेळी टाइम ऑफिसमधून बोलावणं येतं. टेबलावर एक पाकीट, शेजारी पोचवही, आणि एचआरचा माणूस अगदी गोड आवाजात म्हणतो, "काही नाही भाऊ, फक्त सही कर." बुटीबोरीच्या एका कारखान्यात हा प्रसंग माझ्यावर आला, त्याला आता बरीच वर्षं झाली. मी वाचलो, कारण युनियनमधल्या एका जुन्या माणसाने त्याच रात्री मला समोर बसवून उत्तर लिहून घेतलं. तेव्हापासून हिंगणा, बुटीबोरी आणि कामठी रोडच्या अनेक चौकश्यांत मी बचाव प्रतिनिधी म्हणून बसलो आहे. मी वकील नाही. पण एवढं नक्की पाहिलं आहे, की नोकरी बहुतेक वेळा लेबर कोर्टात जात नाही. ती पहिल्या पंधरा-वीस दिवसांतच जाते, चुकीच्या सहीने, माफीनाम्याने किंवा चौकशीला न गेल्याने. म्हणून या लेखात सुरुवातीच्या दिवसांवर जास्त भर दिला आहे.

पाकीट घ्या, पण सही विचारून करा

पत्र घ्यायला नकार देऊ नका. नकार दिला तर दोन सुरक्षारक्षकांच्या सह्या घेऊन "घेण्यास नकार" असा शेरा मारतात, पत्र घरच्या पत्त्यावर पाठवतात, कधी वर्तमानपत्रात नोटीस देतात, आणि कायद्याच्या दृष्टीने ते तुम्हाला मिळालेलंच असतं. पत्र घ्या आणि पोचेवर स्वतःच्या अक्षरात लिहा: "पत्र मिळाले, मजकूर मान्य नाही." खाली तारीख आणि वेळ टाका. पत्राचा लगेच फोटो काढा.

पाकिटाऐवजी कोरा कागद किंवा छापील राजीनामा पुढे केला, तर सही करायची नाही. "राजीनामा दे, नाहीतर पोलीस केस करतो, रेकॉर्ड खराब होईल" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की त्याचा आता राग येतो. दबावाखाली सही झालीच, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, "ही सही जबरदस्तीने घेतली, मी राजीनामा दिलेला नाही, कामावर यायला तयार आहे" असं पत्र कंपनीला ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा, आणि प्रत कामगार आयुक्त कार्यालयाला द्या. (जुनी रजिस्टर पोस्टाची सेवा 2025 साली स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे.) पावती जपून ठेवा. महिनाभर गप्प बसून नंतर "जबरदस्ती झाली" म्हणणाऱ्यावर न्यायाधीश सहसा विश्वास ठेवत नाहीत.

कागद कोणता आहे ते ओळखा

कारणे दाखवा नोटीस म्हणजे नुसती विचारणा. चार्जशीट म्हणजे आरोपपत्र, आणि त्यानंतर चौकशी येणार हे धरून चाला. सस्पेन्शन ऑर्डर ही शिक्षा नाही. चौकशी होईपर्यंत तुम्हाला गेटबाहेर ठेवण्याचा तो आदेश आहे.

सस्पेन्शनच्या काळात निर्वाह भत्ता मिळतो: पहिले 90 दिवस पगाराच्या 50 टक्के, आणि चौकशी तुमच्यामुळे लांबली नसेल तर पुढे 75 टक्के. जुन्या स्थायी आदेश (कारखान्यातल्या कामाचे आणि शिस्तीचे लेखी नियम) कायद्यात हे होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. संहितेत आणखी एक गोष्ट आहे, की निलंबन केल्यावर चौकशी साधारणपणे 90 दिवसांत संपली पाहिजे. भत्ता मिळाला नाही तर दर महिन्याला लेखी मागा. भत्त्याशिवाय चौकशीला यायलाच पैसे नव्हते, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली एका प्रकरणात गंभीरपणे घेतला होता. पण तो मुद्दा मांडायला मागणीची पत्रं हातात लागतात.

उत्तर: इथे घाई करू नका, उशीरही करू नका

नोटिशीत 48 तास किंवा 3 दिवसांची मुदत असते. तेवढ्यात जमत नसेल तर मुदत संपायच्या आत वाढ मागणारं पत्र द्या, आणि त्यातच कागदपत्रं मागा: ज्या तक्रारीवरून आरोप ठेवला तिची प्रत, त्या दिवसाचा हजेरीपट, गेट रजिस्टर, सीसीटीव्हीचं फुटेज. फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ही मागणी पहिल्याच पत्रात हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुपरवायझर खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "साहेबांना दोन ओळी लिहून दे, चूक झाली, पुन्हा होणार नाही. मी मिटवतो." माझ्या शेजारच्या मशीनवरच्या एका माणसाने असं लिहून दिलं. चूक त्याची नव्हती. वरच्या शिफ्टने चुकीची सेटिंग ठेवली होती आणि माल खराब निघाला. पण घरी मुलीचं लग्न होतं, वाद नको होता. तीन महिन्यांनी बडतर्फीच्या पत्रात त्याच दोन ओळी छापून आल्या: "आपण स्वतः कसूर मान्य केली आहे." कबुली आली की कंपनीला साक्षीदार आणावाच लागत नाही. माफीनामा लिहू नका. चूक खरोखर झाली असेल तरी जेवढी झाली तेवढीच, परिस्थितीसह लिहा: कोणती मशीन, काय बिघाड होता, कोणाला कळवलं होतं.

उत्तर आरोपाच्या क्रमाने द्या. आरोप क्रमांक 1 नाकबूल, कारण असं असं. आरोप क्रमांक 2 नाकबूल. एखादा आरोप उत्तराविना सुटला तर तो मान्य होता असा अर्थ काढतात. आरोप मोघम असेल तर तसं सांगा. "वरिष्ठांशी उर्मटपणे वागलात" हा आरोपच नाही. तारीख, वेळ, जागा, कोणाशी आणि नेमके कोणते शब्द, हे सगळं आलं पाहिजे. स्थायी आदेशातलं कलमही मागा. 1983 साली ग्लॅक्सो या औषध कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्थायी आदेशात न लिहिलेलं वर्तन गैरवर्तन म्हणून शिक्षेला पात्र ठरत नाही. आणि "सवयीने" हा शब्द नीट वाचा. सवयीने उशिरा येणं, सवयीने गैरहजर राहणं असे आरोप सर्रास लावतात. आपल्या राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत स्पष्टीकरण होतं, की वर्षभरात तीनपेक्षा कमी वेळा झालेली गोष्ट सवय ठरत नाही. तुमच्या कारखान्याच्या स्थायी आदेशात हे वाक्य आहे का, ते बघा.

चौकशी: खरी लढाई इथली

चौकशी अधिकारी कंपनी नेमते, पैसे कंपनी देते, म्हणून पुष्कळ जण म्हणतात, "काऊन जाऊ? निकाल तर ठरलेलाच आहे." ही चूक फार महागात पडते. तुम्ही गेला नाहीत तर चौकशी एकतर्फी होते, कंपनीच्या साक्षीदाराला कोणी प्रश्न विचारत नाही, आणि तोच कागद पुढे लेबर कोर्टात तुमच्याविरुद्ध येतो. निकाल ठरलेला असला तरी जा. तिथे तुम्ही चौकशी अधिकाऱ्यासाठी बोलत नसता. पुढे कधीतरी फाईल उघडणाऱ्या न्यायाधीशासाठी बोलत असता.

पहिल्याच तारखेला तीन गोष्टी लेखी मागा: कामकाज मराठीत व्हावं, बचाव प्रतिनिधी म्हणून सहकारी कामगार किंवा युनियनचा माणूस मिळावा, आणि दर दिवसाच्या कामकाजाची प्रत मिळावी. चौकशीत वकील देण्याचा सर्वसाधारण हक्क नाही. पण कंपनीच्या बाजूने वकील किंवा कायदा शिकलेला अधिकारी बसला असेल तर तुम्हालाही वकील मागता येतो. मुंबई बंदराच्या प्रकरणात 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं.

कामकाज इंग्रजीत टाइप होतं आणि शेवटी प्रत्येक पानावर सही मागतात. समजलं नसेल तर सहीच्या वर लिहा: "मजकूर इंग्रजीत आहे, मला मराठीत वाचून दाखवलेला नाही." बोललात ते टाइप झालं नसेल तर "माझे अमुक म्हणणे नोंदवले नाही" असं लिहा. तेवढ्याने कोणी चिडलं तर चिडू द्या.

उलटतपासणी जवळून कशी होते ते सांगतो. एका हेल्परवर आरोप होता, की रात्रपाळीत त्याने तांब्याची वायर जेवणाच्या डब्यात भरून बाहेर काढायचा प्रयत्न केला. साक्षीदार एकच, सुरक्षारक्षक. माझ्यासमोर गेट रजिस्टरची झेरॉक्स होती. मी रागावलो नाही, "तू खोटं बोलतो" असंही म्हणालो नाही. विचारलं, त्या रात्री तुमची ड्यूटी कोणत्या गेटवर होती? "दोन नंबर." रजिस्टरमध्ये तुमची सही कोणत्या गेटवर आहे? बराच वेळ शांतता. "एक नंबर." एक नंबरच्या गेटवरून दोन नंबर दिसतो का? "नाही, मधे गोडाऊन आहे." डबा उघडला तेव्हा पंचनामा केला का? "साहेबांनी नंतर केला." नंतर म्हणजे कधी? "सकाळी." एवढे पाच प्रश्न, आणि मी थांबलो. सहावा प्रश्न विचारायचा मोह होतो, पण साक्षीदाराला सावरायची संधी द्यायची नसते. चौकशी अधिकाऱ्याने तरीही आरोप सिद्ध धरला. तीच पाच उत्तरं पुढे कोर्टात वाचली गेली.

म्हणून तयारी अशी करा: प्रत्येक साक्षीदारासाठी छोटे, एका गोष्टीचे प्रश्न आधी लिहून काढा, आणि उत्तर कागदाने पकडता येईल तेवढेच विचारा. नंतर स्वतःचे साक्षीदार आणि स्वतःचा जबाब द्या. सहकारी साक्षीला घाबरतात, हे खरं आहे. कोणी आलं नाही तर निदान कोणाला बोलावलं होतं त्या नावांची यादी रेकॉर्डवर द्या.

एक गैरसमज इथेच दूर करतो. फौजदारी खटल्यातून सुटलो म्हणजे नोकरी आपोआप परत मिळते, असं नाही. फौजदारी कोर्टात संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. चौकशीत शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच बघतात.

अहवाल आणि दुसरी नोटीस

चौकशी अहवालाची प्रत मिळाल्याशिवाय दुसऱ्या नोटिशीला, म्हणजे शिक्षेच्या नोटिशीला, अंतिम उत्तर देऊ नका. आधी प्रत मागा. या उत्तरात दोन गोष्टी मांडायच्या: अहवालात कोणता पुरावा सोडून दिला, आणि शिक्षा चुकीच्या मानाने किती मोठी आहे. इथे तुमचं मागचं रेकॉर्ड बोलतं. पुण्याच्या भारत फोर्जमधला एक कामगार 1983 साली ड्यूटीवर झोपलेला सापडला आणि बडतर्फ झाला. नुसत्या झोपेसाठी एवढी शिक्षा जास्त वाटते, पण त्याला आधी तीन वेळा अशाच कसुरीसाठी किरकोळ शिक्षा झाली होती, म्हणून 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम ठेवली. जुन्या वॉर्निंगांना म्हणूनच हलकं घेऊ नका. प्रत्येक वॉर्निंगला त्याच वेळी लेखी उत्तर द्या. आणि दहा-बारा वर्षं स्वच्छ रेकॉर्ड असेल तर ते ठळकपणे लिहा.

बडतर्फीनंतर: कुठे आणि किती दिवसांत

मी सगळ्यांना 90 दिवसांचा हिशेब धरायला सांगतो. कारण महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याखाली तक्रार 90 दिवसांत करावी लागते. उशीर झाला तर सबळ कारण पटवावं लागतं. या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतली पहिली बाब कामगाराने पाठच करावी अशी आहे. सूडबुद्धीने काढणं, खोट्या केसमध्ये गुंतवून काढणं, धादांत खोट्या कारणासाठी काढणं, विनारजा गैरहजेरीचा बनावट आरोप, नैसर्गिक न्याय पायदळी तुडवून किंवा अवाजवी घाईने केलेली चौकशी, आणि किरकोळ कसुरीला धक्कादायक मोठी शिक्षा, या सगळ्या तिथे अनुचित प्रथा म्हटल्या आहेत. निकाल लागेपर्यंतचा अंतरिम आदेशही मागता येतो.

दुसरी वाट संहितेची. समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे सहाय्यक कामगार आयुक्तांकडे, अर्ज करायचा. 45 दिवसांत समेट झाला नाही तर कामगार स्वतः न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. वाद निर्माण होऊन 2 वर्षं उलटली की समेटाचं दार बंद होतं. दोन्ही वाटांनी एकाच वेळी चालता येत नाही. कोणती धरायची हे पहिल्याच भेटीत वकिलाशी ठरवा.

कार्यालय निवडताना नागपुरात लोक हमखास चुकतात. एमआयडीसीतला कारखाना, दुकान, खाजगी कंपनी असेल तर राज्याचं कामगार आयुक्त कार्यालय, सिव्हिल लाइन्समध्ये. पण वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी), रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँक असेल तर केंद्राचे सहाय्यक श्रम आयुक्त आणि नागपुरातलंच केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरण. चुकीच्या ठिकाणी अर्ज पडून राहिला की दिवस फुकट जातात. खाजगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचा रस्ता वेगळा आहे: शाळा न्यायाधिकरण, आणि मुदत फक्त 30 दिवस. व्यवस्थापकीय पदावर असाल, किंवा सुपरवायझर म्हणून महिन्याला 18,000 रुपयांपेक्षा जास्त पगार घेत असाल, तर संहितेत तुम्ही कामगार धरले जात नाही. मात्र पदाचं नाव नव्हे, प्रत्यक्ष काम बघतात. "एक्झिक्युटिव्ह" असं कार्ड गळ्यात घालून दिवसभर मशीन चालवणारा माणूस कामगारच असतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कितीतरी जण घरी बसतात. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराला, आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या.

एक कटू गोष्ट आधीच सांगून ठेवतो. चौकशी सदोष ठरली तरी त्याच दिवशी कामावर घेत नाहीत. कंपनीला कोर्टापुढे नव्याने पुरावा देण्याची संधी मागता येते. म्हणून केस वर्षानुवर्षं चालते.

आरोपच नाही, नुसतं "उद्यापासून येऊ नको"

ठेकेदाराच्या माणसांचं हे रोजचं दुखणं. मागच्या 12 महिन्यांत 240 दिवस काम भरलं असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार दिल्याशिवाय कामावरून कमी करता येत नाही. पण 240 दिवस सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर असतं. पीएफचं पासबुक, ईएसआयसीची नोंद, बँकेचं स्टेटमेंट, गेटपास, ड्यूटी लावल्याचे व्हॉट्सअॅप मेसेज, सगळं आजच काढून ठेवा. मोबाइल बदलला तरी जुना हँडसेट विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ उपकरण कामी येतं.

आजारपणात गैरहजर राहिलात म्हणून "नाव आपोआप कमी झालं" असं सांगितलं तर ऐकून घेऊ नका. 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्थायी आदेशात तशी तरतूद असली तरी चौकशीशिवाय असं काढता येत नाही. ईएसआयसीच्या दवाखान्याचा फिटनेस दाखला घेऊन गेटवर जा, आत घेतलं नाही तर त्याच दिवशी गेटवरूनच ईमेल करा.

छोट्या युनिटच्या मालकांनाही सांगायचं आहे, कारण हिंगण्यात असे कितीतरी भले मालक मी पाहिले, जे रागाच्या भरात माणूस काढतात आणि मग आठ वर्षं तारखा खातात. माणूस खरंच चोरी करत असेल, मारामारी करत असेल, तर लेखी आरोप द्या, बाहेरचा चौकशी अधिकारी नेमा, त्याला बोलू द्या, आणि मग काढा.

पैसे आणि वाट बघण्याचा काळ

वेतन संहितेप्रमाणे काढल्यापासून किंवा राजीनाम्यापासून 2 कामकाजाच्या दिवसांत पगाराचा हिशेब द्यायचा असतो. ग्रॅच्युइटीचं गणित सोपं आहे: शेवटचा पगार 15,600 असेल तर त्याला 26 ने भागा, 600, गुणिले 15, म्हणजे 9,000, सात वर्षांचे 63,000. हे पैसे घेतल्याने केस जात नाही, पण पावतीवर "पूर्ण व अंतिम, आता काही मागणे नाही" असं छापलेलं असेल तर ते खोडा आणि लिहा: "हक्क राखून, निषेधासह स्वीकारले."

2013 साली महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की चुकीने काढलेल्या माणसाला परत घेताना मागचा पगार देणं हा सर्वसाधारण नियम आहे; पण या काळात आपल्याला दुसरी नोकरी नव्हती, किंवा कमी पगाराची होती, हे त्याने आधी मांडायला हवं. म्हणून काढल्याच्या दुसऱ्या दिवशी एक दोनशे पानी वही घ्या. कुठे काम मागायला गेलात, कोणत्या तारखेला, कोण भेटलं, काय उत्तर आलं, मधे कोणाकडे रोजाने गेलात आणि किती मिळाले, ते खरं खरं लिहा. अर्जांच्या प्रती त्यातच चिकटवा. शपथेवर उभे राहाल तेव्हा कंपनीचा वकील "चार वर्षं काय करत होता?" असं विचारणारच, तेव्हा ही वही हातात असू द्या.